जास्तीचा वायसर

"यंत्र खोललंस की मधनं उठायचं नाही. दारात कुणी आलं तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. पहिल्यांदा निघालेला भाग शेवटी बसतो, एवढं ध्यानात ठेव. मग तुला कुणाची गरज नाही."

हा आवाज दाक्षायणीच्या आईचा, गुरम्माचा. दर वैशाखात तो तिच्या कानात यायचाच. शेवयांचं पितळी यंत्र तिच्या लग्नात माहेरून आलं होतं, अक्कलकोटहून, एस.टी.च्या टपावर बांधून. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्या बोळात तसं दुसरं यंत्र नव्हतं. त्यामुळं पाडवा झाला की ते घरात म्हणून टिकायचं नाही. आज हिच्या पाटाला आवळलेलं, उद्या तिच्या. मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही, अशी सासूची, काशम्माची, शिकवण होती. शिकवण सासूची आणि यंत्र सुनेचं, तेव्हा सासूचं काय जात होतं म्हणा.

यंत्र जाताना सगळं जायचं, येताना काहीतरी मागं ठेवून यायचं. कुणाकडं बारीक जाळी राहिली ती राहिलीच. कुणी पाटाला आवळायचा खालचा स्क्रू हरवला आणि त्या जागी सायकलच्या दुकानातला बोल्ट कोंबून दिला. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आमच्याकडं आलं तेव्हाच नव्हता बाई." दाक्षायणीला ते झोंबायचं. पण ती बोलायची नाही. बोळातल्या बायका तिला देवमाणूस म्हणायच्या, आणि देवमाणसाची वस्तू हरवायला कुणाला भीती वाटत नाही.

तिचं व्रत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी इष्टलिंगाची पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब जायचा नाही आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. हे लग्नाआधीपासूनचं. पूजा झाल्यावरही ती बोलायची ती इतकं हळू की समोरच्याला मान पुढं करावी लागायची.

सगळ्या बोळात यंत्राला माणसासारखं वागवणारी एकच बाई होती, राजाबाई. टेंभुर्णीकडची. नवरा गिरणीत बदलीवर. काम लागलं तर लागलं. घर चालायचं ते राजाबाईच्या हातावर. उन्हाळ्यात शेवया, मग कुरडया, पापड, सांडगे. तीन बोळांतल्या घरांतनं तिचा हात फिरायचा आणि तिच्या हातची शेवई काठीवर टाकली की तुटायची नाही. पण हात कितीही चांगला असला तरी लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायला मिळणं हाच खरा तिचा धंदा. ते दार बंद झालं की हात असून नसून सारखाच.

राजाबाई यंत्र परत द्यायची ती एका वेगळ्याच रीतीनं. सगळे भाग खोलून, धुऊन, उन्हात सुकवून, जसे निघाले तसे ती जाड दोऱ्यात ओवायची आणि टोकाला गाठ मारायची. नळा आणि दांडा वेगळ्या फडक्यात. "वैनी, गाठीकडनं घालायला लागा," म्हणायची, "माळ जपल्यागत जातंय बघा." सात भाग. गाठीला लागून पहिला यायचा तो रुपयाएवढा पातळ वायसर. पीठ पुढं ढकलणाऱ्या मळसूत्राच्या मागं तो बसतो. तो नसला तर पितळ पितळेवर घासतं, आणि घासलेलं सगळं पिठात उतरतं.

त्या वर्षी रेल्वेचा संप झाला. दाक्षायणीचा नवरा वीरभद्रप्पा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होता. एरवी शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. आता गाड्याच थांबल्या. कुर्डुवाडीत राहिलं तर पोलीस धरतात म्हणून तो सोलापुरात आला, आणि सोलापुरात हाताला काम नाही म्हणून घरातल्या वस्तूंच्या मागं लागला. भिंतीवरचं घड्याळ चांगलं चालत होतं, ते त्यानं खोललं. बसवलं तेव्हा दोन स्क्रू उरले. घड्याळ तेव्हापासून सव्वा तास पुढं पळायला लागलं. स्टोव्ह खोलला, एक स्प्रिंग उरली. सायकल खोलली, चार छर्रे उरले. उरलेलं सगळं तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि म्हणायचा, "करणारा दोन नग जास्तीचेच घालतो. आतलं माणसाला कळतं."

"माझ्या लेकाच्या हातात विद्या आहे," काशम्मा म्हणायची. विद्येनं स्टोव्ह भडकायला लागला होता आणि दाक्षायणीच्या मनगटावरचे केस जळले होते. पण लेकाचा पगार थांबलेला, कामावरून काढल्याची नोटीस येणार अशी हवा. तेव्हा घरात त्याला दुखवायचं नाही असं न बोलता ठरलं होतं. न बोलता ठरलेल्या गोष्टी दाक्षायणीनंच पाळायच्या, हेही ठरलेलंच होतं.

यंत्र राजाबाईच्या घरी असतानाच तिची सासू बजाबाई वारली. म्हातारी वर्षभर खाटेवर होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी राजाबाई बोळातनं आली, अंगणाच्या कडेला थांबली आणि फडक्यातलं यंत्र दगडावर ठेवून मागं सरली.

"टोकाच्या ईरम्माकडं लगीन हाय. खोळंबा नको म्हणून आणलं," ती म्हणाली. "म्या उंबऱ्याला शिवत न्हाय. माळ तेवढी बघून घ्या वैनी, समदं हाय का."

दाक्षायणीनं माळ हातात घेतली. सात भाग. गाठीला लागून पातळ वायसर. "सगळं आहे," ती म्हणाली. माळ आणि नळा पडवीच्या कोनाड्यात ठेवून दिला. सकाळी पूजा झाली की यंत्र जोडायचं आणि ईरम्माकडं पोचवायचं.

सकाळी ती पूजेला बसली. डाव्या तळव्यावर लिंग, कपाळाला विभूती, नजर लिंगावर. अंगणातनं आवाज यायला लागले.

"वीरू, हे मयताच्या घरचं आहे," काशम्मा म्हणत होती. "असंच ईरम्माच्या दारात पाठवायचं का? पोरीचं लग्न आहे तिच्या."

"मग काय करू?"

"पाणी उकळलंय. राख घाल, चिंच घाल, सगळं टाक त्यात. आधी तो दोरा काप. मेलेल्याच्या घरचा दोरा कशाला ठेवलास."

दाक्षायणीनं ते ऐकलं. पूजा मोडून उठायचं नाही, बोलायचं नाही. कात्री वाजली. पितळेचे सात तुकडे एकापाठोपाठ एक घमेल्यात पडले; तिनं ते कानांनी मोजले. मंत्र सुटला. तिनं तो पुन्हा पहिल्यापासून धरला. दुसऱ्यांदाही सुटला.

ती बाहेर आली तेव्हा यंत्र चकाकत होतं. नळा, मळसूत्र, जाळी, दांडा, सगळं जागच्या जागी दिसत होतं. वीरभद्रप्पा पातळ वायसर दोन बोटांत धरून उजेडाकडं बघत होता.

"हा एक उरला," तो म्हणाला.

"तो मागं बसतो," दाक्षायणी म्हणाली. "मळसूत्राच्या मागं. आधी तोच घालायचा असतो."

"आत एक आहे ना जाड."

"तो पुढचा. हे दोन्ही लागतात."

"बाई," वीरभद्रप्पा हसला, "मी इंजिनं खोलतो. तीन-तीन हजार नगांची. शेवयांच्या मशिनीचं तू मला सांगणार? जुन्या मालात एखादं जास्तीचं असतंच."

ती यंत्राला हात घालणार एवढ्यात ईरम्मा आणि तिची जाऊ दारात आल्या. रवा भिजवून ठेवलाय, बायका खोळंबल्यात, द्या लवकर. काशम्मानं यंत्र उचलून त्यांच्या हातात दिलं. दाक्षायणीनं तोंड उघडलं. वीरभद्रप्पानं तिच्याकडं बघितलं. आठ दिवस दाढी न केलेला, डोळ्यांखाली काळं आलेला तो चेहरा. तिनं तोंड मिटलं. दुपारी जाऊन आपणच बसवून देऊ, असं तिनं मनाला सांगितलं. मन तरी किती भोळं, त्यानं ऐकलं.

दुपार व्हायची वाट कुणी बघितली नाही. अकराच्या आत ईरम्मा परत आली. मागं चार-पाच बायका, एकीच्या कडेवर यंत्र, आणि ईरम्माच्या हातात परात. परातीत शेवया होत्या, पण शेवयांसारख्या दिसत नव्हत्या. राखेत लोळवलेली दोरी दिसावी तशा. चावून बघितलं तर दाताखाली कचकच.

"रुखवतात हे मांडू का, काशम्मा?" ईरम्मा म्हणाली. "व्याही म्हणतील पोरीच्या आईनं चुलीतली राख वळली. सगळा रवा गेला. दांडा फिरता फिरेना, आमच्या दिरानं खोलून बघितलं तर मागचा वायसरच नाही. असं यंत्र देतात होय लग्नघरी?"

"आमच्याकडनं नीट गेलं," काशम्मा म्हणाली. मग जरा थांबून, पदर सावरत म्हणाली, "पण आमच्याकडं आलं कुठनं तेही बघा. राजाबाईकडनं आलं. घरात मयत, खर्च आलेला. पितळ आहे ते. मोडीत घेतात की."

दाक्षायणीनं नवऱ्याकडं बघितलं. तो पडवीत खांबाला टेकून उभा होता. सगळ्या बायकांनीही त्याच्याकडं बघितलं, कारण तो फिटर होता आणि यंत्र त्यानंच जोडलं होतं.

"आलं तेव्हाच नव्हता," वीरभद्रप्पा म्हणाला.

बोळातल्या बायका इतकी वर्षं जे वाक्य म्हणायच्या ते आता दाक्षायणीच्याच घरातनं निघालं होतं.

कुणीतरी जाऊन राजाबाईला बोलावून आणलं. ती बोळाच्या मधोमध उभी राहिली, सगळ्यांपासून चार हात लांब. केस मोकळे, कपाळ कोरं. काशम्मानं काय ते सांगितलं. राजाबाईनं पदर कमरेला खोचला.

"म्या वायसर इकला?" ती म्हणाली. "सासू दारात तिरडीवर हुती तवा म्या मोडवाल्याकडं गेले म्हना की. एवढासा तुकडा. त्याचं यील काय, चिमूटभर तंबाकू?"

"तेवढ्यासाठीसुद्धा लोक करतात," ईरम्माची जाऊ म्हणाली.

"करतात की. तुमी दोन वर्सांमागं बारीक जाळी न्हेली ती कुटं हाय? तुमच्या चाळनीला बसिवली हाय, म्या माज्या हातानं तीत राजगिरा चाळलाय."

एक-दोघींना हसू आलं. जाऊबाई लाल झाली. पण हसू लगेच विरलं, आणि राजाबाई दाक्षायणीकडं वळली.

"वैनी, माळ तुमी हातात घेतली. सात मोजलं. समदं हाय म्हनला. व्हय का न्हाय?"

सगळ्या माना दाक्षायणीकडं फिरल्या. आता पूजा चालू नव्हती. व्रताचं बंधन नव्हतं. जीभ मोकळी होती. वीरभद्रप्पानं खांब सोडला आणि सरळ उभा राहिला. काशम्मा तोंडातल्या तोंडात कानडीत म्हणाली, "सुम्किरु." गप्प बस.

आणि दाक्षायणी गप्प बसली. तीस वर्षांच्या सवयीनं बसली. जिभेला जशी काही गाठ मारून ठेवलेली.

"ऱ्हाऊ द्या," राजाबाई म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "म्या समजत हुते तुमी देवासाठी बोलत न्हाय. तुमी मानसासाठी बी बोलत न्हाय." आणि वळून गेली.

ईरम्मा लगेच म्हणाली की पापडाला आता दुसरी बाई बघायची. दुसरी म्हणाली, आम्हीपण. तिसरीनं मान हलवली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे, आणि सुळी द्यायला फार वेळ लागला नाही. एक कप चहा होईल एवढ्यात झालं सगळं.

बायका गेल्या. दाक्षायणी हातपाय धुवायला न्हाणीत गेली. डोळे मिटून तिनं तोंडावर पाणी मारलं. मारता मारता तिच्या ध्यानात आलं की न्हाणीत काहीतरी नाही. रोजचं काहीतरी बंद पडलंय. टप टप. पाण्याच्या पिंपाची तोटी सहा महिने गळत होती. आज गळत नव्हती.

"बंद झाली ना?" बाहेरून काशम्माचा आवाज आला. "सकाळीच, नळाला पाणी यायच्या आधी वीरूनं केली. चामडीच्या मागं काहीतरी घातलं म्हणे. सहा महिने तुम्ही कुणी केलं नाही, त्यानं एका हातात केलं."

दाक्षायणी बाहेर आली. पडवीतल्या नवऱ्याच्या पिशवीतनं पाना काढला. न्हाणीत परत गेली, पाना तोटीला लावला आणि आवळला. तोटी हलेना. तिनं एक पाय पिंपाला लावला आणि ओढलं. असा जोर तिच्या अंगात होता हे तिलाही माहीत नव्हतं. तोटी फिरली, आणखी फिरली, निघाली, आणि पाणी धाडकन बाहेर आलं.

वैशाखातलं सोलापूर. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी. ते सगळं पिंप दाक्षायणीच्या नऊवारीवरून, मोरीतून, उंबऱ्यावरून अंगणात वाहत गेलं, अंगणातून बोळात. काशम्मा ओरडत आली. वीरभद्रप्पा धावत आला आणि तोटीच्या भोकावर तळवा दाबायला वाकला. दाक्षायणी बाजूला झाली नाही. तिनं तोटीतली चामडी नखानं काढली. मागं पातळ वायसर होता.

"यव्वा, पाणी गं," काशम्मा म्हणत होती. "वेड लागलं का हिला?"

"आत्याबाई, सुतक कुणाला लागतं?" दाक्षायणीनं विचारलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आज कुणाला मान पुढं करावी लागली नाही.

"काय विचारतीस?"

"गळ्यात लिंग आहे त्याला सुतक नाही. जन्माचं नाही, मरणाचं नाही, पाच सुतकांतलं एकही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच शिकवलंत. मामंजी गेले त्याच दिवशी संध्याकाळी या घरात लिंगपूजा झाली, तुम्ही केलीत. मग आज कुठल्या विटाळाला राखेनं धुतलंत?"

"आपल्याला नाही. त्यांना आहे ना."

"त्यांचं त्यांच्यापाशी. ती बिचारी उंबऱ्याला शिवलीसुद्धा नाही. आपल्याला कसं लागलं ते? दोरा कापलात. त्या दोऱ्यावर सगळं नीट होतं."

काशम्मानं पदर डोळ्याला लावला. "लेकाची नोकरी जायची वेळ आलीय, आणि सून धर्म शिकवती."

वीरभद्रप्पाचे हात भिजलेले होते. पिंप रिकामं होत येऊन आता बारीक धार पडत होती. "वायसर परत घालतो मी," तो म्हणाला. "यंत्रात. कुणाला कळणार नाही. ईरम्माला सांगू, दुसरा मिळाला बाजारात. संपलं."

"आणि राजाबाई?"

"राजाबाईचं चार दिवसांत लोक विसरतील."

"ज्यांना चोर म्हटलं ते लोक विसरत नाहीत," दाक्षायणी म्हणाली. "ज्यांनी म्हटलं ते विसरतात."

"तू बाहेर काही बोलायचं नाहीस," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, खाली गेला. "घरातलं घरात."

दाक्षायणीनं ओला पदर पिळला आणि तशीच बोळात उतरली. तिच्यामागून पाणी येत होतं. दारादारातनं बायका बघत होत्या की हिच्या घरातनं ऐन उन्हात ओढा कसा निघाला.

राजाबाई दारात बसली होती. खाट उभी करून भिंतीला लावलेली, म्हातारीची जागा शेणानं सारवलेली. दाक्षायणीनं मूठ उघडून वायसर दाखवला. कुठं सापडला ते सांगितलं. काही गाळलं नाही. नवऱ्याचं नावही गाळलं नाही.

राजाबाईनं वायसराकडं बघितलंसुद्धा नाही. "मला कशाला दावता?" ती म्हणाली. "मला ठावं हाय म्या घेतला न्हाय. जितं मला चोर म्हनलं तितं दावा."

"चुकलं माझं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"व्हय. चुकलं." राजाबाईनं मान हलवली. समजूत घालायची तिची काही तयारी नव्हती, आणि दाक्षायणीला ते बरंच वाटलं. "हितं येऊन रडाया समदे येत्यात वैनी. सासू मेल्यापासनं निस्ती रीघ हाय. रडून जात्यात आन् बाहीर त्वांड फिरवत्यात."

"मी रडायला आले नाही. उद्या सकाळी ईरम्माच्या अंगणात पापडाचं पीठ कुटायला सगळ्या जमणार आहेत. तिथं सांगते. सगळ्यांसमोर."

"म्या काय येनार न्हाय तितं. माजे धा दिस न्हाय झालं."

"तू नसलीस तरी सांगते."

राजाबाईनं तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. ओली नऊवारी, पायाला चिखल, हाताला तोटीचा गंज. "शबूद देता?"

"शब्द," दाक्षायणी म्हणाली.

"मालक काय म्हनत्याल?"

"ते काय म्हणायचं ते म्हणतील."

"बघा बया," राजाबाई म्हणाली. "मानसाला घर असतंय. घरात ऱ्हावं लागतंय." एवढंच. मग उठून आत गेली.

सकाळी ईरम्माच्या अंगणात आपण खरं काय ते सांगणार, हे त्या दिवशी जेवणाच्या वेळी दाक्षायणीनं घरात सांगून टाकलं. दाक्षायणीनं यंत्र खोललं, आतला करडा चोथा काढला, पातळ वायसर मागं बसवला आणि यंत्र जोडलं. काशम्मानं हाक मारली. ती उठली नाही.

रागानं माणूस थरथरतं, भांडी आपटतं, असं तिनं ऐकलं होतं. तिचा राग तसा नव्हता. तो तिच्या अंगात येऊन बसला होता, चांगला पाट मांडून बसावा तसा, आणि उठायचं नाव घेत नव्हता. सासूवर होता, नवऱ्यावर होता, ईरम्माच्या जावेवर होता. पण सगळ्यांत मोठा वाटा तिचा स्वतःचा होता. इतकी वर्षं आपल्या शांतपणाला आपण पुण्य समजत आलो. सकाळी देवापुढं गप्प बसायचं ते व्रत, हे तिला मान्य होतं. पण दिवसभर माणसांपुढं गप्प बसायचं हे कुठल्या स्वामींनी दिलं होतं तिला? कुणीच नाही. ते तिनं आपलं आपण घेतलं होतं, कारण ते सोपं होतं, आणि वर त्याला लोक नमस्कार करत होते.

सकाळी ती पूजेला बसली. विभूती लावली, लिंग तळव्यावर घेतलं. वीरभद्रप्पा आला आणि तिच्यापासून जरा अंतरावर भुईवर बसला. ती बोलणार नाही हे त्याला माहीत होतं. कदाचित म्हणूनच आला होता.

"काल संध्याकाळी बातमी आली," तो म्हणाला. "आमच्या शॉपातल्या अकरा जणांना काढलंय. माझं नाव त्यात आहे का नाही कळत नाही." बोटांनी जमिनीवर रेघ ओढत राहिला. "नोकरी गेली तर इथंच बोळात काहीतरी दुरुस्तीचं काम धरायचं मनात होतं. स्टोव्ह, सायकली, शिवणयंत्रं. आज तू तिथं सांगितलंस की वीरभद्रप्पाला शेवयांचं यंत्र जोडता आलं नाही आणि वर खोटं बोलला, तर माझ्या हातात कोण काय देईल? सांग."

तिची नजर लिंगावर होती. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिनं येऊ दिलं. त्यानं सांगितलेलं खरं होतं. भीती खरी होती, आणि त्याच्या बोटांच्या रेघाही खऱ्या होत्या. पण बोळात आणखी एक बाई होती, तिच्याही हातात उद्यापासून कुणी काही देणार नव्हतं, आणि तिनं काही उरवलं नव्हतं, काही हरवलं नव्हतं. दोन्ही पारड्यांत पोटच होतं. फरक एवढाच की एका पारड्यात खोटं घातलेलं होतं, आणि ते तिच्या घरातनं घातलेलं होतं.

"मी पाया पडू का?" तो म्हणाला.

तिनं पूजा उरकली नाही, पूर्ण केली. लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं. तीर्थ घेतलं. मग त्याच्याकडं वळली.

"पाया पडू नका," ती म्हणाली. "चला माझ्याबरोबर. मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलंत तर बरं. चुकलेला फिटर लोक चालवून घेतात. खोटा नाही घेत."

तो उठला नाही. भुईवरच्या रेघेकडं बघत राहिला. पडवीत काशम्मा सुपारी कातरत होती. अडकित्ता मधेच थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

दाक्षायणीनं त्याची थोडी वाट बघितली. मग डोक्यावरून पदर घेतला. टोपलीखाली भाकरी आहे, चटणी फडताळात आहे, असं सासूला सांगितलं. यंत्र कडेवर घेतलं. बोळाच्या टोकाकडून, ईरम्माच्या अंगणातनं, मुसळांचे ठोके यायला लागले होते, आणि मधूनमधून बायकांचं हसणं. तिनं चपला पायात सरकवल्या आणि त्या आवाजाच्या दिशेनं चालायला लागली.